न्यासापहार

(व्याख्यानाचा मजकूर)



ट्रस्ट या शब्दाला मराठीत 'न्यास' असा अर्थपूर्ण प्रतिशब्द आहे. न्यास म्हणजे विश्वासाने दुसऱ्याजवळ ठेवलेली ठेव. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत न्यासापहाराचा समावेश आहे. ठेव बुडविणे ही उघड चोरी. मग तिची गणना अचौर्याणुव्रतात न होता सत्याणुव्रतात का झाली?

पूज्यपाद आचार्यांनी सर्वार्थसिद्धीत केलेला खुलासा व्यापाऱ्याने मुळातून वाचावा असा आहे. ठेव ठेवणारा आकडा विसरला आणि कमी मागू लागला. त्या वेळी "होय, तेवढीच होती" एवढे म्हणणे म्हणजे न्यासापहार. कुलूप फोडले नाही, खाडाखोड केली नाही. केवळ एक होकार दिला. बिलात अकरा तागे आणि गाठोड्यात बारा निघाले, म्हणजे दुकानदाराची हीच परीक्षा असते. पाठविणारा विसरलेला असतो. एक फोन पुरतो. तरीही तो बारावा ताग्या-ताग्यांच्या थप्पीत कधी मिसळून जातो, हे मालकालाही कळत नाही. किंवा तसे तो म्हणतो.

या दोषाचे उदाहरण म्हणून जैन कथाग्रंथांत सत्यघोषाची कथा येते. सिंहपुरात सिंहसेन राजाचा श्रीभूती नावाचा पुरोहित होता. आपल्या तोंडून असत्य निघाले तर याच सुरीने जीभ कापून घेईन, असे सांगत तो यज्ञोपवीताला सुरी बांधून हिंडे. लोकांनी त्याला सत्यघोष ही पदवी दिली आणि ठेवीही दिल्या. एका व्यापाऱ्याने (त्याचे नाव कोठे समुद्रदत्त, तर कोठे भद्रमित्र असे येते) त्याच्याजवळ पाच रत्ने ठेवली व तो परदेशी गेला. परतताना जहाज फुटले. निर्धन होऊन आलेल्या त्या माणसाने आपली रत्ने मागितली, तेव्हा सत्यघोषाने त्याला वेडा ठरविले. लोकांनी सुरीवर विश्वास ठेवला. फाटक्या वस्त्रांवर कोण ठेवणार?

व्यापारी राजवाड्याजवळच्या चिंचेच्या झाडावर चढून दररोज पहाटे तीच फिर्याद ओरडू लागला. असे सहा महिने चालले. राणी रामदत्ता हिने एक गोष्ट हेरली : वेड्याचे बोलणे रोज बदलते, याचे एक अक्षरही बदलत नाही. तिने सत्यघोषाला द्यूतात गुंतविले, त्याची अंगठी आणि नंतर सुरीसह यज्ञोपवीत जिंकले व दासीकरवी त्याच्या घरी पाठविले. ती खूण पाहताच पत्नीने रत्ने काढून दिली. ज्या सुरीने लोकांचा विश्वास मिळविला, तिनेच घरातली चोरी बाहेर आणली.

पुढचा भाग सांगताना पुष्कळ जण घाई करतात. राजाने ती पाच रत्ने आपल्या अनेक रत्नांत मिसळून व्यापाऱ्यापुढे ठेवली. सर्वस्व गमावलेल्या त्या माणसाने नेमकी आपली पाचच उचलली. त्याची सचोटी तेव्हा सिद्ध झाली. सत्यघोषाला तीन शिक्षांपैकी एक निवडण्यास सांगितले : तीन थाळ्या गोमय खाणे, मल्लांचे ठोसे सोसणे किंवा सर्व धन देणे. धन वाचविण्यासाठी त्याने गोमय पत्करले, ते संपेना. मग ठोसे पत्करले, ते सोसवेनात. अखेर धनही दिले. एकाच असत्याची किंमत त्याने तीनदा मोजली.

ही कथा जुनी म्हणून सोडून देता येत नाही. हैदराबादच्या एका मोठ्या संगणक कंपनीचे नावच 'सत्यम' होते. उत्तम कारभाराबद्दल २००८ मध्ये तिला 'गोल्डन पीकॉक' पुरस्कार मिळाला. ७ जानेवारी २००९ रोजी तिच्या अध्यक्षांनीच पत्र लिहून कबूल केले की, ताळेबंदातील रोख व बँकशिल्लक ५,०४० कोटी रुपयांनी फुगविलेली आहे. सुरी तेथेही होतीच, फक्त ती पुरस्काराच्या रूपात होती. शास्त्रकारांनी अशा लेखनाला 'कूटलेखक्रिया' म्हटले आहे.

परंतु दूरच्या कंपनीकडे बोट दाखविणे सोपे आहे. मंदिरात उत्सवाच्या वेळी बोली बोलली जाते. बोली म्हणजे बोललेला शब्द. त्यावर सही नसते, मुद्रांक नसतो. सभा टाळ्या वाजविते, बोलणाऱ्याच्या गळ्यात हार पडतो, अभिषेकाचा पहिला कलश त्याच्या हाती येतो. त्याच क्षणी ती रक्कम त्याची राहत नाही; ती देवाची ठेव म्हणून त्याच्या तिजोरीत असते. पुढे मुनीम दिवाळीला आठवण देतो, मग महावीर जयंतीला देतो, मग संकोचाने देईनासा होतो. विश्वस्त बदलतात, वही बदलते, आणि आकडा कोणाच्याच लक्षात राहत नाही. पूज्यपादांनी सांगितलेली विस्मृती ती हीच.

महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांचे हिशेब कायद्याने तपासले जातात. तपासनीस पावत्या मोजतो. बोली मात्र पावतीपूर्वीची असते. सुवर्णमहोत्सवाच्या या वर्षी जुन्या वह्या काढून थकलेल्या बोली पाहिल्या, तर त्यांत आजच्या पहिल्या रांगेतील काही घरांची नावे निघतील. ती वाचून दाखविण्याची आवश्यकता नाही. ज्यांची आहेत, त्यांना आकडे ठाऊक आहेत.