काळुंदर : मचूळ पाण्यातील गृहस्थ

मत्स्यसृष्टीत अपत्यस्नेह विरळाच. बहुतेक मासे सहस्रावधी अंडी पाण्यात सोडतात आणि पुढे त्यांची वास्तपुस्त करीत नाहीत. गोव्याच्या खाड्यांतील काळुंदर हा या नियमाला सन्मान्य अपवाद होय. केरळात यालाच करिमीन म्हणतात. आपल्या बंगळूरच्या केरळी खाणावळींत केळीच्या पानात भाजलेला करिमीन आवडीने खाणाऱ्यांना त्याच्या गृहस्थधर्माची कल्पना क्वचितच असते.

१७९० साली ब्लॉख या जर्मन पंडिताने त्याला ‘सुराटेन्सिस’ हे नाव दिले. नाव सुरतेचे; वस्ती मात्र दक्षिण भारताच्या किनाऱ्यावर आणि श्रीलंकेत! हिरवट अंगावर मोत्यांसारखे ठिपके, आहार मुख्यतः शेवाळ व पाणवनस्पतींचा. नर आणि मादी मिळून बुडालेला दगड किंवा लाकूड स्वच्छ करतात, त्यावर अंडी चिकटवतात, परांनी वारा घालावा तसे पाणी खेळते ठेवतात. पिले बाहेर पडल्यावरही दोघांचा पहारा सुटत नाही.

याचे कूळ सिक्लिड. त्याचा मोठा विस्तार आफ्रिकेत व अमेरिकेत. भारतात मूळच्या जाती अवघ्या तीन, आणि त्यांचे निकटचे सगेसोयरे मादागास्करात! भारत व मादागास्कर सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी विलग झाले. त्या प्राचीन सख्याची ही खूण, असे काही शास्त्रज्ञ मानतात. इतरांच्या मते खारे पाणी सोसणारे हे मासे नंतर समुद्रमार्गे पसरले. वाद कसाही सुटो, हा मासा भूगोलाच्या एका पुरातन प्रश्नाचा साक्षीदार आहे.

१९५२ साली याच कुळातील आफ्रिकी तिलापिया भारतात आणला गेला. त्याची मादी अंडी तोंडात सांभाळते. जाळ्यातून निसटली तर संततीही बहुधा वाचते. काळुंदराची अंडी मात्र दगडावर उघडी असतात. राखणारी जोडी पकडली गेली, की सारे घरटेच इतर माशांच्या भक्ष्यस्थानी पडते. माशाचा सद्गुणच येथे त्याचे मर्मस्थान ठरतो.

केरळ शासनाने २०१० साली करिमीनला राज्यमत्स्याचा मान दिला. परंतु सनदेने मासा जगत नाही. गोव्यातील खाजण शेतीचे बांध आणि भरती-ओहोटीचे पाणी आवरणारी मानस राखली, विणीच्या जोड्यांना अभय दिले, तरच हे कुटुंब टिकेल. जो पित्याचे कर्तव्य इतक्या निष्ठेने करतो, त्याच्याशी आपणही थोडे कर्तव्यबुद्धीने वागावे, एवढेच मागणे.