शंकूसारखे बुबुळ

शाळकरी मुलाच्या चष्म्याचा नंबर वरचेवर बदलू लागला, की आपण दोष वाचनाला देतो. पण कधीकधी दोष वेगळाच असतो. बुबुळावरील पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, पातळ होत शंकूसारखा पुढे येतो. या केराटोकोनस विकाराचे सविस्तर वर्णन जॉन नॉटिंगहॅम या इंग्रज वैद्याने १८५४ साली केले.

अशा मुलाच्या डोळ्यांइतकीच त्याच्या शिंकांची, दम्याची, इसबाची चौकशी व्हावयास हवी. अशा प्रकृतीत डोळे खाजतात, मूल मुठींनी ते चोळीत बसते, आणि मुळातच दुबळा पडदा अधिक ढिला होतो. आयांना ही सवय निरुपद्रवी वाटते. ती तशी नाही. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत तर हा विकार कितीतरी अधिक आढळतो, आणि आपल्याला अंधुक दिसते हे त्यांतील अनेकांना सांगता येत नाही.

रिबोफ्लेविनचे थेंब व अतिनील किरण यांच्या साहाय्याने पडदा ताठ करण्याचा उपचार ड्रेस्डेनच्या वैद्यांनी २००३ साली प्रसिद्ध केला. त्याने विकाराची वाढ बहुधा थांबते; गेलेला आकार मात्र पुरता परत येत नाही. आणि उपचारानंतरही डोळे चोळणे चालूच राहिले, तर शंकू पुन्हा वाढू शकतो.