अपघाताची चौकशी कोणी करायची?

आज आपण चंदीगडमध्ये आहोत. इथल्या पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजातून कल्पना चावला १९८२ साली विमान अभियांत्रिकीच्या पदवीधर झाल्या. हे शहर हरियाणाचीही राजधानी. कल्पनाताईंचं कर्नाल हरियाणातलं आणि चरखी दादरीही हरियाणातलीच. आज या दोन नावांबद्दल बोलू.

१२ नोव्हेंबर १९९६. चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर झाली. ३४९ माणसं गेली. चौकशी न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांच्याकडे आली. कझाक विमान नेमून दिलेल्या १५,००० फुटांच्या खाली उतरलं होतं, हे चौकशीत सिद्ध झालं. पण विषय तिथेच मिटला नाही. टक्कर टाळण्याची सूचना देणारं यंत्र भारतात सक्तीचं झालं आणि दिल्लीला येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे झाले.

आता १ फेब्रुवारी २००३. पृथ्वीवर परतताना कोलंबिया यान तुटलं. कल्पनाताईंसह सातही जण गेले. उड्डाणाच्या वेळी टाकीवरच्या फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला होता. अभियंत्यांनी पंखाची छायाचित्रं मागितली, ती घेतली गेली नाहीत. चौकशी मंडळाने लिहिलं की फोमइतकीच नासाची कार्यसंस्कृतीही जबाबदार आहे. वेळापत्रक आणि खर्च यांच्याशी संबंध नसलेली स्वतंत्र तांत्रिक यंत्रणा नेमा, अशी शिफारसही केली. ज्याला यान वेळेवर उडवायचं आहे, त्यानेच ते सुरक्षित आहे की नाही हे ठरवू नये, हा त्यामागचा विचार.

आपल्याकडे काय आहे? विमान अपघातांसाठी २०१२ पासून वेगळा तपास विभाग आहे. १९३४ च्या कायद्याच्या जागी आलेला भारतीय वायुयान अधिनियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. तपास विभाग आणि डीजीसीए आजही एकाच मंत्रालयाखाली आहेत, म्हणजे स्वातंत्र्य पुरतं नाहीच. तरी चौकशी कोणी करायची, हे कायद्यात लिहिलेलं आहे.

अंतराळाचं तसं नाही. २०१७ साली कायद्याचा मसुदा आला, २०२३ साली धोरण आलं. पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. गगनयान इस्रो बांधते आहे, उडवणारही इस्रोच. उद्या काही बिघडलं, तर चौकशी कोण करणार? अहवाल लोकांसमोर येणार का? अपघात झाल्यावर घाईघाईने समिती नेमली, की ती नेमणाऱ्याची सोय आधी पाहते. म्हणून माणूस अंतराळात पाठवण्याआधीच ही उत्तरं कायद्यात लिहून ठेवली पाहिजेत.