चाकांवरचे घर आणि पाणसळीचा बुडबुडा

घर म्हटले की ते एका जागी पाय रोवून उभे असावयाचे, अशी आपली पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. परंतु मोटारीच्या सांगाड्यावरच स्वयंपाकाचा ओटा, झोपण्याच्या फळ्या, मोरी व पाण्याची टाकी बसवून तयार केलेली फिरती घरे आता आपल्याकडेही दिसू लागली आहेत. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा प्रवासासाठी स्वतंत्र कॅराव्हॅन-धोरण आणले. अशा घराचा मालक मुक्कामास थांबतो, तेव्हा त्याच्यापुढे पहिला प्रश्न चुलीचा नसतो, अंथरुणाचाही नसतो. तो असतो जमिनीच्या सपाटीचा.

समजा, बडोद्याच्या दांडिया बाजारातील एक मराठी कुटुंब असे वाहन घेऊन नर्मदेकाठी निघाले आहे. संध्याकाळी एका मोकळ्या शेताच्या कडेस गाडी उभी राहते. डोळ्यांना जमीन सपाट दिसते, पण आजी फळीवर जराशी आडवी होते आणि म्हणते, “अरे, माझं डोकं खाली का जातंय?” आजीची तक्रार खरी असते. दोन मीटर लांबीच्या बिछान्यास केवळ एक अंशाचा उतार असला, तरी त्याच्या दोन टोकांत साडेतीन सेंटिमीटरांचा फरक पडतो. मोरीतले पाणी जाळीकडे न जाता कोपऱ्यात साचते, कढईतले तेल एका बाजूस गोळा होते, दार आपोआप उघडते. काही गाड्यांत वायूवर चालणारे शोषण-पद्धतीचे शीतकपाट असते. त्यात पंप नसतो. अमोनिया व पाण्याचे मिश्रण केवळ गुरुत्वाकर्षणाने नळ्यांतून खाली वाहते. गाडी फार कलली तर हा प्रवाह अडतो, थंडावा थांबतो, आणि तशा स्थितीत ते पुष्कळ काळ चालू ठेवल्यास कायमचे बिघडू शकते.

म्हणून अशा मोठ्या गाड्यांच्या सांगाड्याखाली तेलाच्या दाबावर चालणारे चार जॅक बसवितात. या यंत्राचे मर्म सतराव्या शतकातील फ्रेंच गणिती व धर्मचिंतक ब्लेझ पास्कल यांनी सांगितले. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब त्या द्रवात सर्वत्र सारखाच पोहोचतो, हा तो नियम. १७९५ साली जोसेफ ब्रामा या इंग्रज कारागिराने त्याच आधारावर दाबयंत्राचे पेटंट घेतले. लहान दट्ट्याचे क्षेत्रफळ एक चौरस सेंटिमीटर आणि मोठ्याचे तीस असेल, तर लहानावर पन्नास किलो भार दिला असता मोठा दट्ट्या दीड हजार किलो उचलतो. मात्र निसर्ग फुकट काही देत नाही. मोठा दट्ट्या एक सेंटिमीटर वर जावयास लहानास तीस सेंटिमीटर चालावे लागते. जे बळात मिळाले, ते अंतरात फेडावे लागते.

आता प्रत्यक्ष कृती. काही गाड्यांत हे काम यंत्र आपले आपणच करते. परंतु हाताने करावयाची रीत ज्याला ठाऊक नाही, तो यंत्र बिघडल्या दिवशी अगतिक होतो. प्रथम जागा पाहावी. प्रभू येशूने खडकावर घर बांधणारा शहाणा आणि वाळूवर बांधणारा मूर्ख, अशा दोघांचा दृष्टांत दिला आहे. फिरत्या घराच्या मालकास तर ही निवड रोज संध्याकाळी नव्याने करावी लागते. बडोद्याभोवतीची काळी माती वैशाखात दगडासारखी टणक होते व तिला भेगा पडतात. तीच श्रावणात पाऊल गिळते. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्रीचा पूर ज्यांनी पाहिला, त्यांस ओल्या मातीचा भरवसा किती धरावा हे सांगावयास नको.

चार टन वजनाच्या गाडीचा एक टन भार एका जॅकवर आला व त्याचा तळवा दहा सेंटिमीटर लांब-रुंद असला, तर दर चौरस सेंटिमीटरवर दहा किलो भार पडतो. त्याखाली चाळीस सेंटिमीटर लांब-रुंद अशी जाड फळी ठेविली, की तोच भार सुमारे सहाशे ग्रॅमवर येतो. खर्च एका फळीचा. परंतु रात्री पाऊस आला तरी गाडीचा कोपरा खचण्याची भीती पुष्कळ कमी होते.

गाडी उभी करून हातब्रेक ओढावा, गिअर घालावा आणि चाकांना पुढून-मागून लाकडी पाचरी लावाव्या. फळ्या जॅक खाली येण्यापूर्वीच मांडाव्या. मग गवंड्याची पाणसळ गाडीच्या मध्यभागी जमिनीवर ठेवावी, एकदा लांबीत व एकदा रुंदीत. बुडबुडा ज्या बाजूस जातो ती बाजू उंच, हे विसरू नये. पुढचा भाग खाली असेल तर पुढचे दोन्ही जॅक बरोबरीने उचलावे. लांबीची पातळी साधली, की ज्या बाजूस उतार असेल तिकडचे दोन जॅक बरोबरीने चालवावे. शेवटी राहिलेले जॅक जमिनीस घट्ट टेकतील एवढेच खाली आणावे.

जॅक जोडीनेच का चालवावे? त्याचे उत्तर आपल्या घरातच आहे. तिवई कशाही जमिनीवर ठेवा, ती डुलत नाही. चौरंग मात्र एक पाय अधांतरी ठेवून डुगडुगतो. तीन बिंदूंनी पातळी ठरते. चौथा पाय जबरदस्तीने वर रेटला, तर सांगाडाच पिळला जातो. मग काच तडकते, दार चौकटीत अडकते, आणि दोष सुताराच्या माथी मारला जातो.

या साऱ्यात एक गोष्ट जिवाशी निगडित आहे. बहुतेक गाड्यांत हातब्रेक मागच्या चाकांवर काम करतो. मागची चाके जमीन सोडून वर गेली, की ब्रेक ओढलेला असूनही गाडीला धरून ठेवणारे काही उरत नाही; ती जॅकवरून घसरू शकते. म्हणून चाके जमिनीस टेकलेलीच असावी. तेवढ्याने पातळी साधत नसेल, तर जागा चुकली असे समजावे व गाडी हलवावी. अशा वेळी घरातला उत्साही मुलगा “बाबा, फळी जरा सरकली, मी आत जाऊन नीट करतो,” असे म्हणतो. बाबांनी त्यास ठामपणे मागे ओढावे. जॅकमधले तेल एका रबरी कड्याने अडविलेले असते. ते कडे फाटले, की टनभर भार खाली येण्यास क्षणही पुरतो. जॅक पूर्ण मिटवावा, फळी बाहेरूनच काठीने सरकवावी, आणि पुन्हा आरंभ करावा. दहा मिनिटे जातील, जाऊ द्यावी.

तासाभराने बुडबुडा पुन्हा पाहावा, कारण माती हळूहळू दबते. सकाळी निघताना चारही जॅक पूर्ण वर गेले की नाही, हे गाडीभोवती पायी फिरून डोळ्यांनी पाहावे. केवळ समोरच्या दिव्यावर विश्वासू नये. चालक जागेवर बसून ब्रेक दाबून धरील, तेव्हाच पाचरी काढाव्या.

याच बडोद्यात १८९० साली सयाजीराव महाराजांनी कलाभवन स्थापिले. हातांच्या कामामागचे शास्त्र सामान्य मुलांस कळावे, हा त्यामागील हेतू होता. पाणसळ, फळी आणि पाचर ही साधने तेव्हाही होती व आजही स्वस्त आहेत. प्रवासाच्या यादीत ती सर्वांत वर लिहावी. आणि आजीने डोके खाली जात असल्याचे सांगितले, तर वाद न घालता प्रथम बुडबुडा पाहावा.