खटल्याला कंपनीचे उत्तर



एखाद्या कंपनीवर दावा गुदरला गेला, तर कायद्याने तिला तीन सरळ वाटा दिलेल्या आहेत. तिने कैफियत देऊन आरोप नाकारावा, जबाबदारी मान्य करून भरपाई द्यावी, अथवा तडजोड करावी. तथापि धनाढ्य कंपनीपाशी चौथे साधन असते, आणि ते म्हणजे कालहरण. भोपाळचा खटला हे त्याचे ढळढळीत उदाहरण होय.

२-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसे मृत्युमुखी पडली. या भारतीय कंपनीचे ५०.९ टक्के भाग अमेरिकेतील मूळ कंपनीकडे होते. मार्च १९८५ मध्ये संसदेने कायदा करून पीडितांच्या वतीने लढण्याचा अधिकार केंद्र सरकारला दिला, आणि एप्रिलमध्ये सरकारने न्यूयॉर्कच्या न्यायालयात फिर्याद केली.

कंपनीचे पहिले उत्तर अपराधाविषयी नव्हतेच. ते जागेविषयी होते. साक्षीदार व कागदपत्रे भारतात, तेव्हा खटलाही तेथेच चालावा, असे तिने मांडले. भारतीय न्यायव्यवस्था समर्थ असल्याची ग्वाही नानी पालखीवाला यांनी कंपनीच्या बाजूने प्रतिज्ञापत्राद्वारे दिली. उलट आपलीच न्यायालये या कामास अपुरी आहेत, असे सांगण्याची पाळी भारत सरकारवर आली! १२ मे १९८६ रोजी न्यायाधीश कीनन यांनी कंपनीचे म्हणणे मान्य केले. अमेरिकन ज्यूरीपुढे उभे राहण्याचा धोका टळला.

दुसरे उत्तर दोष ढकलण्याचे होते. कोणा असंतुष्ट कामगाराने मुद्दाम टाकीत पाणी सोडले, असा सिद्धान्त पुढे आला. तो कोणत्याही न्यायालयात शाबीत झाला नाही. वस्तुतः याच कारखान्यात डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन वायूने एका कामगाराचा बळी घेतला होता, आणि कामगार संघटनेने धोक्याचा इशाराही दिला होता.

तिसरे उत्तर अपिलांचे. डिसेंबर १९८७ मध्ये भोपाळच्या जिल्हा न्यायालयाने ३५० कोटी रुपयांची अंतरिम भरपाई ठरवली. उच्च न्यायालयाने ती २५० कोटींवर आणली. कंपनी तरीही सर्वोच्च न्यायालयात गेली. अखेर १४ फेब्रुवारी १९८९ रोजी ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. सरकारची मागणी तीन अब्ज डॉलरहून अधिक होती. पुढे पाच लाखांहून अधिक माणसे भरपाईस पात्र ठरली. तडजोडीच्या रकमेचा हिशेब केला, तर माणशी हजार डॉलरही पडत नाहीत. पीडितांची संमती कोणी घेतली नाही, आणि फौजदारी खटलेही त्याच आदेशाने गुंडाळले गेले.

सरकार थांबले तेथे पीडितांच्या संघटना उभ्या राहिल्या. अब्दुल जब्बार यांच्या नेतृत्वाखालील गॅसपीडित स्त्रियांनी रस्त्यावर आणि न्यायालयात लढा दिला. ३ ऑक्टोबर १९९१ रोजी फौजदारी खटले पुन्हा जिवंत झाले. रक्कम मात्र तीच राहिली. जून २०१० मध्ये सात भारतीय अधिकाऱ्यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. मूळ कंपनीचे अध्यक्ष वॉरन अँडरसन भारतीय न्यायालयापुढे कधीच आले नाहीत. वाढीव भरपाईची सरकारची मागणी मार्च २०२३ मध्ये फेटाळली गेली.

कंपनीला वाट पाहणे परवडते. फुप्फुसे जळालेल्या माणसाला परवडत नाही. म्हणून कार्यकर्त्यांचे काम दावा दाखल होण्यापूर्वीच सुरू होते. कारखान्यातील प्रत्येक अपघाताची लेखी तक्रार, प्रत्येक रुग्णाचे कागद आणि प्रत्येक वस्तीची संघटना आधीच सिद्ध असली पाहिजे. पीडितांच्या नावाने होणाऱ्या तडजोडीत पीडितांचाच आवाज निर्णायक असावा, हा आग्रह भोपाळने शिकवला आहे.