संगणकाचा पडदा : ट्यूबचा की सपाट?



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांस विषय विचारला, तेव्हा आम्ही हाच मथळा लिहून पाठवला. चालकांना थोडे नवल वाटले असावे. कामगार चळवळीत आयुष्य घालवलेला माणूस वेतनावर, बोनसवर, कंत्राटी पद्धतीवर बोलेल. दुकानदारासारखा मॉनिटरविषयी काय बोलणार? शिवाय ट्यूबचा मॉनिटर आता दुकानात मांडलेला दिसतही नाही. निकाल लागलेल्या खटल्याची फाईल पुन्हा कशाला उघडायची, असे कोणी म्हणेल. ही शंका रास्त आहे. परंतु तो निकाल कोणत्या मुद्द्यावर लागला, साक्षी कोणाच्या झाल्या आणि कोणाची साक्ष घेतलीच गेली नाही, हे पाहिल्यावाचून फाईल बंद करू नये असे आमचे मत आहे. कारण पडदे अजूनही बदलत आहेत, आणि दर वेळी तोच खटला त्याच पद्धतीने चालतो.

प्रथम ट्यूबचा डबा म्हणजे काय ते पाहू. आम्ही काही विज्ञानाचे पदवीधर नव्हे. दुरुस्तीवाल्याच्या शेजारी स्टूल टाकून जे पाहिले आणि मग ग्रंथालयात जे ताडून घेतले, तेवढेच सांगतो. १८९७ साली ब्राऊन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने ही नळी प्रथम बनवली. काचेच्या निर्वात नळीच्या मागच्या टोकाला इलेक्ट्रॉन सोडणारी बंदूक असते. समोरच्या काचेला आतून चमकणारी पूड लावलेली असते. मानेभोवती तांब्याच्या तारेची वेटोळी बसवलेली असतात; ती त्या झोताला डावी-उजवीकडे आणि वरून खाली फिरवतात. झोत जिथे आपटतो तिथे पूड क्षणभर उजळते आणि लगेच विझू लागते. म्हणून संपूर्ण चित्र सेकंदाला साठ, पंचाहत्तर किंवा पंच्याऐंशी वेळा पुन्हापुन्हा रेखाटावे लागते. रंगीत नळीला त्यासाठी वीस-पंचवीस हजार व्होल्टचा दाब लागतो. त्यामुळे आत किंचित क्ष-किरण निर्माण होतात, आणि ते बाहेर येऊ नयेत म्हणून काचेत शिसे घालतात. हे शिसे श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. पुढे त्याची गाठ पडणार आहे.

आता त्या साठाची आणि पंच्याऐंशीची गोष्ट सांगतो. १९९९ च्या सुमारास एका कचेरीत आमच्या संघटनेच्या काही भगिनी डेटा एंट्रीचे काम करीत. दिवसाचे सहा-सात तास पडद्यासमोर. दुपारनंतर डोके दुखते, डोळ्यांची आग होते, ही तक्रार रोजची. साहेबांचे उत्तर ठरलेले: "चष्म्याचा नंबर तपासून घ्या." आम्ही एका ओळखीच्या मेकॅनिकला घेऊन गेलो. त्याने खुर्चीत बसून पाहिले, दोन-चार कळा दाबल्या, आणि सेकंदाला साठ वेळा रेखाटले जाणारे चित्र पंच्याऐंशी वेळा रेखाटले जाईल असे करून ठेवले. एक बाई म्हणाल्या, "दादा, पडदा थरथरत होता हे आज थांबल्यावर कळलं!" या दुरुस्तीला पैसा लागला नाही. यंत्रात ती सोय पहिल्या दिवसापासून होती. ती कोणी वापरली नव्हती, कारण ज्यांनी यंत्र विकत घेतले ते त्याच्यासमोर बसत नव्हते, आणि ज्या बसत होत्या त्यांना कोणी विचारले नव्हते.

ट्यूबचे बाकीचे दोष सर्वांना ठाऊक आहेत. सतरा इंची डब्याचे वजन पंधरा-सोळा किलो. त्याला हात-सव्वा हात खोल जागा लागे. म्हणून आपल्याकडच्या अरुंद सरकारी टेबलावर कळफलक अगदी कडेला येई आणि माणसाचे तोंड काचेला भिडे. फुगीर काचेत मागची खिडकी दिसे. उन्हाळ्यात वीस डबे एका खोलीत चालू असले की पंखा गरम हवाच फिरवी. परंतु त्याचे गुणही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजेत. काळा रंग खरा काळा दिसे. कोणत्याही बाजूने पाहिले तरी चित्र तेच. अक्षर लहान-मोठे करायचे तर कोणत्याही मापावर ते सारखेच उमटे. म्हणूनच छापखान्यांत रंगाचे काम पाहणारे पुष्कळ कारागीर सपाट पडदे आल्यावरही कित्येक वर्षे डब्याला चिकटून राहिले. त्यांचा तो हट्ट नव्हता. त्यांच्या कामाला जे लागत होते, ते त्यांना डब्यात मिळत होते.

सपाट पडद्याची कुळकथा वेगळी. १८८८ साली ऑस्ट्रियातील राइनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला गाजराच्या अर्काशी संबंधित एक पदार्थ तापवताना आढळले की तो दोनदा वितळतो. मधल्या अवस्थेत तो धड घन नाही, धड द्रवही नाही. हाच द्रवस्फटिक. त्याचा पडदा करता येतो हे १९६८ साली अमेरिकेत आरसीए कंपनीतील हाइलमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगाला दाखवले. येथे बंदूक नाही, झोत नाही. मागे दिवा असतो, पुढे लक्षावधी बारीक खिडक्या. विजेने स्फटिकाची ठेवण बदलली की खिडकी उघडते किंवा मिटते. उघडलेली खिडकी दुसरा हुकूम येईपर्यंत उघडीच राहते. म्हणून ट्यूबची थरथर येथे नाही. पंधरा इंची सपाट पडद्याचा दिसणारा भाग सतरा इंची डब्याच्या जवळपास असतो, कारण डब्याच्या मापातला इंचभर भाग चौकटीआड दडलेला असे.

मात्र त्याचेही दुखणे आहे. खिडक्यांची संख्या ठरलेली असल्यामुळे त्याच मापावर अक्षर रेखीव येते. दुसरे माप ठेवले की अक्षर पुसट होते. इंग्रजी अक्षराचे त्यात फारसे बिघडत नाही, पण आपल्या लिपीचे बिघडते. अनुस्वार पातेल्यातल्या करपटासारखा पसरतो, रफार आणि मात्रा एकमेकींत मिसळतात. मुद्रितशोधकाला विचारा म्हणजे कळेल. सुरुवातीचे स्वस्त सपाट पडदे तर जरा खालून पाहिले की काळवंडत. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला एक चित्र दिसे आणि बसलेल्याला दुसरे.

आता विजेचा हिशेब. डबा सुमारे ऐंशी वॅट खाई, सपाट पडदा पस्तीस. फरक पंचेचाळीस वॅटचा. रोज आठ तास, वर्षाला तीनशे दिवस, म्हणजे २,४०० तास. एका टेबलामागे १०८ युनिटे वाचली. सहा रुपये युनिट धरले तर वर्षाला साडेसहाशे रुपये. महाराष्ट्रात भारनियमनाची जी वर्षे गेली, त्यांत यूपीएसवर किती यंत्रे किती वेळ तग धरतील हाही याच आकड्यांचा प्रश्न होता. पण हा हिशेब निविदेच्या कागदावर नसे. तेथे खरेदीची किंमत तेवढी असे, आणि आरंभी सपाट पडद्याची किंमत डब्याच्या कित्येक पट होती. मग तो आला कोणाच्या टेबलावर? साहेबांच्या. जे दिवसातून तासभर पडदा पाहत त्यांना सपाट, आणि जे सात तास पाहत त्यांना डबा! सपाट पडदा हा मानाच्या खुर्चीचा भाग झाला. निवड डोळ्यांवर झाली नाही, हुद्द्यावर झाली.

येथे आम्हांस चळवळीचीच उलटतपासणी करावी लागते. संगणकाविरुद्ध आमच्या आधीच्या पिढीने मोठे लढे दिले. आयुर्विमा महामंडळात १९६० च्या दशकात दिले. बँकांत १९८३ साली यंत्रीकरणावर करार झाला. ते लढे नोकऱ्यांसाठी होते, आणि ते देणे चूक होते असे आम्ही म्हणणार नाही. परंतु यंत्र यावे की न यावे यावर आपण इतके भांडलो, की आल्यावर ते कसले असावे हे विचारायचे राहून गेले.

आणि त्याच वेळी दुसऱ्या एका देशातील कामगारांनी ते विचारले होते. जुन्या मॉनिटरच्या चौकटीवर कोपऱ्यात एक खूण असे: टीसीओ ९९, कधी टीसीओ ९५. आपल्यापैकी अनेकांनी ती पाहिली असेल. आम्ही ती वर्षानुवर्षे पाहिली, आणि एखाद्या कारखान्याचे नाव असेल असे समजलो. पुढे कळले की टीसीओ हा स्वीडनमधील पांढरपेशा नोकरदारांचा महासंघ आहे. एका कामगार संघटनेची खूण आमच्या डोळ्यांसमोर हातभर अंतरावर होती आणि आम्ही ती ओळखली नाही! तिकडच्या कचेऱ्यांत काम करणाऱ्यांनी, विशेषतः स्त्रियांनी, पडद्याविषयी तक्रारी केल्या. संघटनेने त्या चष्म्याच्या दुकानात पाठवल्या नाहीत. १९९२ साली तिने स्वतःचे मानक काढले: पडद्यातून निघणारी विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रे किती असावीत, काम थांबल्यावर वीज आपोआप कशी कमी व्हावी. १९९५ मध्ये त्यात पर्यावरणाचा विचार आला. १९९९ च्या मानकात ट्यूबचे चित्र सेकंदाला किमान पंच्याऐंशी वेळा रेखाटले जावे अशी अट आली. तोच आमच्या मेकॅनिकचा आकडा! २००३ मध्ये सपाट पडद्यांसाठी नवी आवृत्ती निघाली. जगातल्या मोठमोठ्या उत्पादकांनी ही खूण मिळवण्यासाठी आपले मॉनिटर तपासून घेतले. एवढ्याशा देशातील कारकुनांनी हे घडवले ते संप करून नव्हे, तर मोजमाप करून आणि ते मोजमाप खरेदीच्या अटीत घालायला लावून.

आम्ही शहाणे झालो ते उशिरा. २००५ च्या सुमारास त्याच कचेरीत आम्ही मागणी केली की सपाट पडदे प्रथम डेटा एंट्रीच्या टेबलांवर यावेत. सहा महिने पत्रव्यवहार झाला, दोन वेळा धरणे झाले आणि मागणी मान्य झाली. पेढे वाटले. त्या दिवशी जुने डबे जिन्याखाली रचलेले होते. पुढच्या आठवड्यात ते लिलावात गेले. आम्ही सहज चौकशी केली आणि एका सहकाऱ्याबरोबर त्या भंगाराच्या वखारीत जाऊन उभे राहिलो.

तेथे जे पाहिले ते सांगण्यासाठीच खरे तर हे व्याख्यान आहे. पंधरा-सोळा वर्षांची दोन मुले उकिडवी बसून हातोडीने नळीची मान तोडत होती. निर्वात नळी फुटताना काच आत खेचली जाते आणि मग उडते. त्यांच्या हातांवर त्याच्या खुणा होत्या. तांब्याची वेटोळी एकीकडे, प्लॅस्टिक दुसरीकडे. चमकणारी पूड जमिनीवर सांडलेली. आणि जिच्यात किलोच्या हिशेबात शिसे असते ती काच, तिला भाव नाही म्हणून मागच्या नाल्याकडे ढकललेली. जी काच आमच्या भगिनींचे क्ष-किरणांपासून रक्षण करीत होती, तीच आता या मुलांच्या पायाखाली होती. एक डबा आमच्या ओळखीचा निघाला. त्याच्या बाजूला आम्हीच चिकटवलेला संघटनेच्या अधिवेशनाचा कागद तसाच होता.

आमची मागणी चूक होती काय? नव्हती. आजही आम्ही तीच करू. पण ती अपुरी होती. आमच्या मागणीपत्रात नवा पडदा होता. जुन्याविषयी एक ओळही नव्हती. ती मुले आमच्या संघटनेची सभासद नव्हती, एवढेच त्याचे कारण. ज्या चुकीबद्दल आम्ही साहेबांना दोष देत होतो, ती आम्हीही केली: ज्याला सोसायचे त्याला विचारले नाही.

त्यानंतर कायदा आला. ई-कचऱ्याचे नियम २०११ साली निघाले आणि १ मे २०१२ पासून लागू झाले. योगायोगाने तो कामगार दिन आणि महाराष्ट्र दिनही. पुढे २०१६ मध्ये आणि २०२२ मध्ये नवे नियम झाले. उत्पादकाने आपल्या मालाच्या अखेरीची जबाबदारी घ्यावी, आणि मोठ्या कचेऱ्यांनी आपला ई-कचरा नोंदणी झालेल्या ठिकाणीच द्यावा, हे त्यात आहे. कायदा चांगला आहे. पण लिलावाची नोटीस काढणारा कारकून आपल्यातलाच असतो, आणि ती नोटीस वाचणारा कोणी असला तरच कायदा जिन्याखाली उतरतो.

सपाट पडदाही म्हातारा होतोच. जुन्या सपाट पडद्यांतील दिव्यांत पारा आहे. पुढे एलईडी दिवे आले तेव्हा तो गेला. आज कचेऱ्यांत पुन्हा पडदे बदलत आहेत. तेव्हा श्रोत्यांपैकी जे कोणी खरेदी समितीवर असतील, संघटनेत असतील, किंवा घरी मुलांसाठी पडदा घेत असतील, त्यांना आमची विनंती आहे की "कोणता चांगला?" हा प्रश्न थोडा मागे ठेवा. यासमोर कोण बसणार आहे आणि किती तास, हे आधी विचारा, आणि त्या माणसाला पाच मिनिटे त्यासमोर बसवून बघा. अक्षराचे माप आणि उजेड त्याच्या डोळ्यांना जुळवून द्या; त्याला पैसे पडत नाहीत. किमतीशेजारी पाच वर्षांची वीज लिहा. आणि जुना पडदा कोणाच्या हाती जाणार, हे नवा घरात येण्यापूर्वी कागदावर लिहून घ्या.

आमच्या त्या कचेरीत आता मागणीपत्राच्या नमुन्यात शेवटी एक कलम असते: बदललेल्या यंत्रांची विल्हेवाट कोठे लावली, याची पावती संघटनेस दाखवावी. पहिल्या वर्षी साहेब हसले. दुसऱ्या वर्षी त्यांनी पावती दाखवली. आम्ही ती फाईलला लावली आहे. फाईल कोणती, ते आता सांगायला नको.