पोथी लागायची त्या रात्री
(हिवाळी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



परभणीच्या थंडीची ओळख परभणीकरांना काय करून द्यायची! समुद्र लांब, आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेली काळी जमीन रात्रीत सगळी ऊब सोडून देते. त्यात उत्तरेचा वारा सुटला, की एखाद्या वर्षी पारा पाच अंशांच्याही खाली जातो. अशा रात्री गोधडीत शिरून पुस्तक उघडणं हे सुखच आहे. पण मला बोलायचंय ते त्याहून जुन्या सुखाविषयी. ते म्हणजे दुसऱ्याला वाचून दाखवण्याचं सुख.

मार्गशीर्ष लागला, की आमच्या गावी मारुतीच्या देवळात पोथी लागायची. दिवसभर कापूस वेचून दमलेली माणसं घोंगडी पांघरून यायची. बाहेर तुराट्यांची शेकोटी, आत कंदील. एक जण ओवी वाचायचा, दुसरा अर्थ सांगायचा. ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जणांना अक्षरओळख नव्हती. पण आपण ग्रंथाला पारखे आहोत, असं त्यांतल्या कुणालाच वाटत नसे.

माझी आजी गंगाखेडकडची. तिला देवळापर्यंत चालवेना, तेव्हा पोथी घरीच आली. लाल रुमालात बांधलेला महिपतींचा ‘भक्तिविजय’, १७६२ सालचा ग्रंथ. मी नऊ वर्षांचा होतो. जोडाक्षराला अडखळलो, की आजी डोळे मिटल्या मिटल्या पुढचा शब्द सांगायची. जनाबाईची कथा आली. दळण दळणाऱ्या जनीसोबत विठ्ठल जात्याला बसला, तिथं आजी म्हणाली, “थांब बाळा, एवढं पुन्हा वाच.” मी पुन्हा वाचलं. तिचा उजवा हात मांडीवर हलकेच गोल फिरत होता. जात्याच्या खुंट्यानं त्या तळव्याला घट्टे पडले होते. गंगाखेडची जनाबाई त्या रात्री आमच्या माजघरात येऊन बसली होती. ओवी मी वाचली खरी, पण ती काय सांगते हे मला त्या हातानं शिकवलं.

श्रोतेहो, निजामाच्या राजवटीत इथल्या शाळा-कचेऱ्यांत उर्दूचा अंमल होता. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. तोवर मराठी वाचनाचा दिवा तेवत राहिला तो वाचनालयांत आणि अशा घराघरांतल्या पोथ्यांपाशी. याच मातीत, सातोन्याला, १९१३ साली बी. रघुनाथ जन्मले. नोकरी सांभाळून त्यांनी कविता, कथा, कादंबऱ्या लिहिल्या आणि १९५३ मध्ये, अवघ्या चाळिशीत, ते गेले. त्यांच्या नावाचं सभागृह आपल्या शहरात आहे, याचा मला अभिमान वाटतो. पण त्यांची एखादी कथा आज किती घरांत मोठ्यानं वाचली जाते?

मनातल्या मनात वाचताना डोळे पुढं धावतात. मोठ्यानं वाचताना आवाज शब्दाशी थांबतो. ऐकणारा हुंकार देतो, मध्येच काही विचारतो, आणि आपण घाईत ओलांडलेली ओळ त्याच्यामुळं परत हाती लागते.

म्हणून एक मागणं आहे. तुमच्या घरी बारीक अक्षर दिसेनासं झालेलं कुणीतरी असेल. उद्या वाचनालयातून एक पुस्तक घरी न्या. जेवणं झाली, की त्या माणसाशेजारी बसून दहा पानं मोठ्यानं वाचा. “एवढं पुन्हा वाच” असं ते म्हणतील, तिथं थांबा आणि पुन्हा वाचा.